दाराजवळची पट्टी

सव्वीस जानेवारीला माझी सिंधू झेंड्याखाली चक्कर येऊन पडली, तव्हा म्या तळ्याच्या भरावावर दगड मोजून राह्यले होते.

तुमी म्हणाल, दगड काय मोजायचे? तर ऐका. ह्यो तलाव बहात्तरच्या दुष्काळात आमीच बांधलेला. माझं नवं लगीन झालेलं. मुदखेडकडची म्या, गोदावरीच्या काठची, तिथून उठून ह्या अहमदपूरच्या कोरड्या मुलखात आले आन् आल्या आल्या डोक्यावर मातीची टोपली आली. भरावाला आतून दगडाचे थर लावलेत, सगळे मिळून एकतीस. माझ्या डोळ्यांदेखत लागलेत ते. पाणी उतरलं की वरून एकेक थर उघडा पडतो. त्या दिवशी बावीस थर उघडे होते. म्हंजे पाणी राह्यलं नऊ थर. आमी भोई माणसं, तळ्यातले मासे धरायचे आन् विकायचे, दुसरं काय येतंय आमाला? पाणी आटलं की मासे गेले, मासे गेले की आमी खडी फोडायला. म्हणून रोज सकाळी उठून मोजायचे. मोजून पाणी वाढत न्हाई हे मला बी कळतं, पण घरात बसवतच न्हवतं.

कुणीतरी भरावाखालून वरडलं की तुमची सिंधू शाळंत पडली. म्या पळत सुटले, एक चप्पल तिथंच राह्यली. जाऊन बघते तर पोरगी वऱ्हांड्यात आडवी, तोंड पांढरंफट, आन् सिद्धलिंग गुर्जी हजेरीच्या वहीनं वारा घालून राह्यलेत.

ह्या गुर्जींबद्दल आधी सांगते, न्हाईतर तुमी भलताच समज करून घ्याल. उदगीरकडचे, लिंगायत, गळ्यात लिंग, आंघोळ-पूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारा माणूस. रस्त्यात अंड्याचं टरफल दिसलं तरी वळसा घालून जाणार. पण लेकरावर हात टाकत न्हाईत, वाकडं बोलत न्हाईत, चौथीचा वर्ग जीव लावून शिकवतेत. तेच तर माझं दुखणं झालं. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाचं काय करावं?

नर्सबाई आल्या, पापणी खाली ओढून पाह्यली आन् म्हणल्या, अंगात रगत न्हाई पोरीच्या. डाळ द्या, दूध द्या, अंडी द्या, न्हाईतर मासे तरी द्या, भोयाचं घर हाय तुमचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोयाच्या बाईला सांगायची पाळी यावी, पोरीला मासे खाऊ घाला म्हणून! मान खाली घातली आन् पोरगी खांद्यावर टाकून घरी आले.

कारण सिंधूनं दिवाळीपासून माशाला तोंड लावलेलं न्हवतं.

ह्याच्या आधी अशी न्हवती हो. कालवण झालं की माशाचं डोकं तिलाच लागायचं, बापाला मिळू द्यायची न्हाई. डोक्यातलं सगळं चोखून, हाडकं ताटाच्या कडंला वळीनं लावून ठेवायची. दिवाळी झाली आन् काय झालं देव जाणे, मासे बघितले की तोंड फिरवायला लागली. भाकर, मिरची आन् मीठ. म्हणलं आठ दिवसांत येईल ताळ्यावर. कुठलं काय. बाजारात भाजीचं पान दिसत न्हवतं, डाळ आमच्यासारख्याला परवडत न्हवती, शेरडं तर दसऱ्यालाच विकली होती. घरात खायला एकच गोष्ट होती, ती म्हंजे मासे, आन् तीच पोरगी खाईना. म्या समजावलं, रागवलं, दोनदा मारलं बी. खोटं कशाला सांगू? एकदा डाळीत माशाचं पाणी घालून दिलं चोरून. एक घास घेतला आन् उठून बाहेर जाऊन ओकली. तिचा बाप म्हणायचा, राहू दे, भूक लागली की खाईल. त्याला काय जातंय म्हणायला. त्यो दिवसभर पाण्यात. तिच्या बरगड्या न्हाऊ घालताना मला दिसायच्या.

झेंड्याच्या चौथ्या दिवशी टँकर आला. दोन घागरी आमच्या वाट्याला. घागर ठेवून म्या शेजारी गेले आन् आले तर अर्धी घागर रिकामी. झोपडीच्या मागं सिंधू बसलेली, हाताला राख लावून खापरानं घासून राह्यली होती. वरून पाणी वतायची, हुंगायची, पुन्हा घासायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवसाचं पाणी, आन् ही मातीत घालती! हात धरून वढला तर बोटाची टोकं सोललेली, लालभडक. मारायला उचललेला माझा हात तसाच राह्यला.

"माय, मला वास येतो," ती म्हणली. "म्हणून गुर्जी मला दाराजवळ बसवतेत."

मग हळूहळू सगळं निघालं. शाळंत लेकरं तरटाच्या लांब पट्ट्यांवर बसतेत. फळा पुढं, दार मागं. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुर्जींनी हिला सगळ्यांत मागच्या पट्टीवर घातलं, पार दाराला लागून. रागावून न्हाई, गोडीनंच म्हणले, सिंधू, तू तिकडं वाऱ्याला बस. सकाळी बापाच्या जाळ्यातले मासे निवडून ती तशीच शाळंत जायची, गुर्जींना वास सहन होईना. आता त्या जागेवरून काय होतं, दारातलं ऊन थेट फळ्यावर पडतं आन् फळा नुसता चमकतो. अक्षर दिसत न्हाई. जी पोरगी फळ्यावरचं सगळ्यांच्या आधी वाचायची, ती आता पुढच्याच्या पाटीवरून उतरवायची, न्हाईतर ऐकून ध्यानात ठेवायची. कुणाला बोलली न्हाई. आपल्याच मनानं ठरवलं, मासे सोडले की वास सुटंल, वास सुटला की गुर्जी पुन्हा पुढं घेतील. दहा वर्षांची पोर. तीन महिने वाट बघून राह्यली होती, आन् म्या तिला मारत होते.

म्या पदर खोचला आन् निघालेच शाळंकडं. तिनं आडवं येऊन माझा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला आन् म्हणली, माझ्या गळ्याची आण हाय, गुर्जींना यातलं एक अक्षर बोलायचं न्हाई. त्यांना वाईट वाटंल, वर पोरं हसतील. आता सांगा. म्या ठेकेदाराशी भांडलेली बाई हाय, सोसायटीच्या चेरमनला भर बाजारात जाब विचारलेली. पण लेकराच्या गळ्याची आण कशी मोडावी? तोंड शिवून घेतलं.

त्यापुढचे दिवस कसे काढले, माझं मला ठाव. आठ थर झाले. मग सात. भरावावर जायचे, मोजायचे, घरी यायचे, भाकर थापायचे, पोरीच्या ताटाकडं बघायचे, पुन्हा भरावावर. बाप म्हणायचा, पायाला भिंगरी लागली का तुझ्या? लागणारच की. शिमग्यापातुर मासे राहणार, मग चिखल. आज खात न्हाई ती, उद्या तिनं खाईन म्हणलं तर म्या आणू कुठून? वेळ तेवढाच होता आन् एकेक दगड उघडा पडत होता.

अशात एक दिवस खुद्द गुर्जीच आमच्या झोपडीपुढं येऊन उभे राह्यले. कधी न आलेला माणूस. हातात कागद, नाकाला रुमाल. रुमाल लावलाय हे त्यांचं त्यांना ठाव न्हवतं, सवयच ती. सिंधूनं त्यांना लांबून पाह्यलं आन् रांजणाच्या आड झाली.

लातूर जिल्हा होऊन तव्हा तीनेक वर्षं झाली होती. शाळंच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून वर लातूर रंगवलेलं, पण ऊन पडलं की खालचं उस्मानाबाद दिसायचंच. नवा जिल्हा, नवी हापिसं, त्यामुळं कागदांना काही कमी न्हवतं. कधी झाडं लावा, कधी नसबंदी करा, आन् आता ह्यो. गुर्जींनी वाचून दाखवलं. तळी आटून राह्यलीत, मासे मरून वाया जातील, तर ते शाळंतल्या लेकरांना खाऊ घाला, आयांना बोलावून सांगा, माशानं मेंदू वाढतो, बुद्धी तल्लख होते. वर नवा शिक्का. वाचताना 'मासे' म्हणायची पाळी आली की गुर्जींचा आवाज बारीक व्हायचा.

मला आतून हसू येऊन राह्यलं होतं. ज्यानं जल्मात मासा शिवला न्हाई, त्याच्यावर हुकूम आला माशाचे गुण सांगायचा! आन् हसता हसताच डोक्यात आलं, अगं धुरपता, हेच तर पाहिजे तुला. हे गुर्जी आपल्या तोंडानं सगळ्या वर्गापुढं सांगतील मासे चांगले, तर ही पोरगी खाणार न्हाई होय? माझी जीभ आणीनं बांधलीय, त्यांची तर न्हाई. म्या लगेच हाव म्हणलं. मासे आमचे, रांधणार बी म्याच, एक पैसा नको. गुर्जींना बिचाऱ्यांना भरून आलं. सोमवार त्यांचा पूजेचा, म्हणून बुधवार ठरला. जाता जाता वळून म्हणले, सिंधूला आता बरं आहे का, तिलाही मासे खाऊ घालत जा. शब्द माझ्या दातापर्यंत आले होते. गिळले.

बुधवारी सहा थर पाणी होतं. पहाटे तिच्या बापानं जाळं वढलं. मरळ फारशी गावली न्हाई, ती चिखलात दडून बसती. रोहू मिळाले, मोठाले, आठ. म्या शाळंच्या मागं तीन दगडाची चूल मांडली, भगुनं चढवलं, चिंचेचा कोळ आन् येसराचा मसाला लावून असं कालवण केलं की वासानं कुत्री गोळा झाली. लेकरं खिडकीतून डोकावत होती. सिंधू न्हाई डोकावली.

आया आल्या. गुर्जींनी फळ्यावर खडूनं मासा काढला होता, शेजारी माणसाचं डोकं आन् डोक्यात फुलकोबीसारखा मेंदू. बोलायला लागले. आन् खरं सांगते, चांगलं बोलले. लेकरू पोटात असल्यापासून मेंदू कसा वाढतो, त्याला काय काय लागतं, दुष्काळात लेकरांच्या पोटात ते जात न्हाई तर पुढं कसं जड जातं, सगळं नीट उलगडून. कागदात होतं त्याच्या दुप्पट. मला वाटलं, ह्या माणसाला खरंच लेकरांची फिकीर हाय. पण मग रांधायचं कसं त्यावर आले आन् म्हणले, गवारीच्या शिरा काढतो तसे माशाचे काटे शिजवायच्या आधी काढून टाकावेत. मला मदतीला आलेल्या भोयाच्या बायांनी पदर तोंडात कोंबले. तिथंच म्या उठून सांगायला पाहिजे होतं की काटा असा निघत न्हाई, त्यो खाताना काढायचा असतो. न्हाई सांगितलं. आमच्यात लेकरू रांगतं तव्हापासून त्याला काटा कळतो, कुणाला शिकवावा लागतो हे माझ्या ध्यानीमनी बी आलं न्हाई. आन् माझं लक्ष कुठं होतं त्यांच्या बोलण्यात? म्या सिंधूकडं बघून राह्यले होते.

ती दाराजवळ बसून ऐकत होती, कान देऊन. गुर्जी म्हणले, मासे खाणारी मुलं हुशार होतात. तव्हा पाटलाच्या आळीतली एक बाई हसून म्हणली, असं असतं तर भोयाची लेकरं कलेक्टर व्हायला पाहिजे होती. सगळ्या हसल्या. गुर्जी बी गोंधळून हसले. सिंधूनं खाली बघून आपली बोटं पदराखाली झाकल्यागत फ्रॉकच्या घेरात घातली. गुर्जींच्या तोंडानं मासे चांगले होते, आन् मासे खाणारी दाराजवळ होती. लेकरू असलं म्हणून त्याला काय एवढं कळत न्हाई?

पंगत वर्गातच बसली, बाहेर ऊन फार. श्लोक झाला. म्या वाढत गेले, एकेक तुकडा आन् रस्सा, भाकरी बायांनी आणलेल्या. सिंधूच्या ताटात बी वाढलं. तिनं ताट गुडघ्यापासून लांब सरकवलं. म्या काही बोलले न्हाई, पुढं गेले.

वर्गात भोयाची एक सिंधूच, बाकीच्या लेकरांची जेवायची रीत तुमाला ठाव हाय. आमटी असो का कढी, भाकर कुस्करायची, वरून वतायची, पाची बोटांनी कालवून एकजीव करायची आन् मूठ भरून खायची. जल्मभर तेच केलेलं. त्यांनी माशाचं बी तेच केलं. तुकडा आन् भाकर एका ठिकाणी चुरली, काट्यांसगट कालवली. म्या पाठमोरी भगुन्याकडं होते. मागं वळून बघते तर चाळीस ताटांत काला, आन् चाळीस मुठी तोंडाकडं. थांबा म्हणायला तोंड उघडलं, तवर पुढच्या पट्टीवरची सरपंचाची लेक गोदावरी घशाला हात लावून उठली.

डोळे पांढरे, तोंडातून लाळ. आवाज निघंना. गुर्जी धावले, पाठीत थोपटायला लागले, पाणी पाजायला लागले, पाणी सगळं बाहेर. म्या जवळ गेले तर गोदावरी मला बघून तोंड घट्ट मिटून घ्यायला लागली. बायांचा कालवा सुरू झाला. कुणी म्हणलं सरपंचाला बोलवा, कुणी म्हणलं जीप काढा, त्याच पाटलाच्या आळीतल्या बाईनं माझ्याकडं बोट केलं. म्या आतल्या आत म्हणून राह्यले, आई येडेश्वरी, एवढं लेकरू वाचव, माझ्या पोरीनं मासे न्हाई खाल्ले तरी चालंल.

तव्हा मागून सिंधू आली. कुणाला काही विचारलं न्हाई. गोदावरीचं मनगट धरलं आन् फरफटत दाराकडं नेली, जिथं ऊन येतं तिथं. तिची हनुवटी उन्हाकडं केली.

"आ कर. रडू नको, हलू नको."

आत बघितलं. मग दोन बोटं घातली. त्याच सोललेल्या, बारीक बोटांनी, जी सहा वर्षांची असल्यापासून जाळ्यातनं मासे सोडवत आली होती. बाहेर काढली तर बोटात काटा, अर्ध्या सुईएवढा. गोदावरीनं एक उलटी काढली आन् मोठ्यानं भोकाड पसरलं. म्या भिंतीला टेकले. रडायचा आवाज कधी इतका गोड लागला न्हवता मला.

पण पंगत मोडली. लेकरांनी ताटं ढकलून दिली. आया आपापली उठवायला लागल्या. मेंदू राहू दे, जीव जाईल, असं कुणी म्हणलं. गुर्जी मधोमध उभे, हातात त्यो कागद. मला वाटलं, संपलं. आता गावात कुणी मासा घेणार न्हाई, आन् माझी पोरगी तर न्हाईच न्हाई.

गुर्जींनी घाम पुसला आन् हाक मारली, सिंधू, पुढं ये. ती घाबरली, तिला वाटलं आपलं काही चुकलं. फळ्यापाशी जाऊन उभी राह्यली. गुर्जींनी तिचं ताट दाराजवळून स्वतः उचललं. लिंगधारी माणसानं माशाचं ताट उचललं, हे म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. ते आणून टेबलावर ठेवलं.

"मासा खायचा कसा, ते मला येत नाही," ते म्हणले. "आज तू शिकव."

आन् स्वतः जाऊन बसले मागं, दाराजवळच्या पट्टीवर, तिच्याच जागेवर. आयांना बी बसा म्हणले. सगळे बसले.

सिंधूनं माझ्याकडं पाह्यलं. म्या काय बोलणार, आण होती. नुसती मान हलवली. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. भाकर कुस्करायची न्हाई, बाजूला ठेवायची. तुकडा अंगठ्यानं दाबायचा, त्याच्या पाकळ्या सुटतेत. मधला मोठा काटा पूर्ण उचलायचा. मग एकेक पाकळी दोन बोटांत चिमटीनं चाचपायची, टोचलं की बाजूला. घास लहान घ्यायचा, बोलायचं न्हाई, जिभंला काटा लागला की थांबायचं. हातानं करत करत बोलत होती, आवाज वाढत गेला. तरी मागच्यांना दिसंना म्हणून गुर्जी डोळ्यांवर हात धरून डोकं इकडं करायचे, तिकडं करायचे, उठून बसायचे. तिच्या मागच्या फळ्याकडं बघितलं त्यांनी. सकाळी आपणच काढलेला मासा त्यांना दिसत न्हवता, नुसती चमक दिसत होती. त्यांचा चेहरा उतरला. म्या ते पाह्यलं आन् मला कळलं, त्यांना कळलं म्हणून.

सिंधूनं एक घास निवडला. भाकरीच्या तुकड्यावर ठेवला. उचलला. आन् थांबली. चाळीस लेकरं बघून राह्यली होती. खा माझे माय, खा, असं मनात म्हणून राह्यले होते. तिनं घासाकडं पाह्यलं, मग थेट मागं दाराकडं.

"गुर्जी, वास येईल," ती म्हणली.

गुर्जींच्या नाकाला रुमाल होता. त्यांनी त्यो काढला, घडी केली, खिशात घातला.

"येऊ दे," ते म्हणले.

सिंधूनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. मग दुसरा घेतला, कुणी न सांगता. मग तिसरा, आन् तिसऱ्याला तर वाकून खायला लागली, तीन महिन्यांची भूक ती. म्या भगुन्यात पळी घालून उगाच ढवळत राह्यले, कारण डोळे वाहून राह्यले होते आन् त्या पाटलाच्या बाईला ते दाखवायचे न्हवते मला. पुढच्या पट्टीवरच्या गोदावरीनं नाक वढत आपलं ताट जवळ घेतलं आन् अंगठ्यानं तुकडा दाबून बघायला लागली. मग एकेक करून सगळ्यांनीच.

दुसऱ्या दिवशी भगुनं आणायचं निमित्त करून म्या शाळंत गेले. भगुनं काय, तिच्या बापानं बी आणलं असतं. मला बघायचं होतं. दारातच वास आला. चाळीस लेकरांच्या हाताला येसर आन् माशाचा वास, धुवायला पाणी कुणाच्या घरी होतं? आन् दारात, उंबऱ्याला लागून, गुर्जींची खुर्ची. गुर्जी तिथं बसलेले, तोंड वर्गाकडं, पाठ वाऱ्याला. फळ्यावर लिहायचं झालं की पुढं जायचे, लिहायचे, पुन्हा येऊन दारात बसायचे. मागची पट्टी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. सगळी लेकरं पुढं दाटीवाटीनं, आन् सिंधू गोदावरीच्या मांडीला मांडी लावून पहिल्या वळीत.

मला बघून गुर्जी उठले.

"धुरपताबाई, वास मला सहन होत नाही," ते म्हणले. "मग दाराजवळ मीच बसायला पाहिजे होतं. दिवाळीपासून."

भांडायची एवढी तयारी केलेली बाई म्या. भगुनं घेतलं आन् निघाले. वाटेत भरावावर थांबले, सवयीनं मोजलं. पाच थर आन् एक अर्धा. फार फार तर महिना. त्यात जेवढं खाईल तेवढं खाईल, पुढचं पुढं बघू. मेंदू वाढतो का न वाढतो ते लातूरच्या साहेबांना ठाव, मला तिच्या बरगड्या झाकायच्या होत्या.

सांजंला सिंधू आली, दप्तर टाकलं आन् चुलीपाशी बसली. बाप ताटावर बसलेला. म्या भगुन्यातलं माशाचं डोकं पळीनं उचललं तशी तिनं आपलं ताट पुढं केलं, बापाकडं बघितलं बी न्हाई. सगळं चोखून हाडकं कडंला वळीनं लावली. मग उठली आन् बाहेर गेली. म्या कान देऊन ऐकत होते. तांब्यातनं पाणी पडल्याचा आवाज एकदाच आला. आत येऊन तिनं तांब्या जाग्यावर ठेवला, त्यात अर्ध्याच्या वर पाणी होतं.